गोळ्यांचा काय गुन्हा?

मावळात कंबर-गुडघे दुखायला वेगळं कारण शोधावं लागत नाही. ज्यांचा जन्म इंद्रायणीच्या लावणीत वाकून गेला त्यांची कंबर जाते आणि ज्यांचा पुणे लोकलमध्ये उभ्याने गेला त्यांचे गुडघे. त्यात लोणावळ्याचा पाऊस, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे. जून ते सप्टेंबर भिंती वाळत नाहीत, मग सांधे कुठून मोकळे होणार? म्हणून आमच्याकडे घरटी एक पत्र्याचा डबा असतो. त्यात गोळ्या, मलमं, गुडघ्याचा पट्टा, कापसाची गुंडाळी. शेजारच्या वहिनी रात्री अकराला दारात येऊन "भाऊजी, डोकं दुखायची आहे का हो एखादी?" म्हणाल्या तर त्यांना रिकाम्या हाताने जावं लागत नाही. ही व्यवस्था कोणत्याही सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून वर्षानुवर्षं सुरळीत चालू आहे.

ती विस्कटते ती मुलं परदेशी गेल्यावर. आता भांगरवाडी घ्या की तुंगार्ली घ्या, गल्लीत एक घर दुबईचं, एक न्यू जर्सीचं, एखादं टोकियोच्या निशी-कासाईचं निघतंच. मुलं प्रेमाने बोलावतात, तिकिटं काढून देतात. आणि तिकीट हातात पडल्यावर फोन येतो, "बाबा, गोळ्या कुठल्या कुठल्या घेता त्यांची यादी पाठवा. विचारल्याशिवाय बॅगेत काही टाकू नका." ज्या लेकीला तापात रात्रभर जागून आपण औषध पाजलं, ती आता आपल्या औषधांची झडती घेते. तिचा दोष नाही, ती दुबईत राहते आणि तिला तिथले नियम ठाऊक आहेत. मला मात्र ते कुणीही, कधीही, कुठेही सांगितले नव्हते, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. चहा घ्या, आणि मी क्रमाने सांगतो ते ऐका.

कमरेतून निघून पोटरीपर्यंत उतरणारी कळ ज्यांना माहीत आहे त्यांना सायटिका समजावून सांगायची गरज नाही. तिच्यावर आपल्याकडे सर्रास एक जोडगोळी देतात, प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन. दुसरं नाव बी-१२ जीवनसत्त्वाचं. डॉक्टर लिहून देताना म्हणतात, "नसांसाठी आहे, ताकद येईल." घरात तिचं नाव पडतं 'व्हिटॅमिनची गोळी'. सकाळी चहाबरोबर आजोबांना व्हिटॅमिन, असा तिचा लौकिक. तीच गोळी संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. सौदी अरेबियात आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१९ पासून ती क वर्गातला नियंत्रित पदार्थ आहे आणि अमेरिकेत २००५ पासून पाचव्या अनुसूचीत. म्हणजे लोणावळ्यात जे व्हिटॅमिन म्हणून खपतं त्याला निम्म्या जगात कायद्याचं कलम लागलेलं आहे, आणि हे त्या पट्टीवर लिहिलेलं नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाही, तिकिटावर नाही.

"मग नका नेऊ," असं सांगणारे भेटतात. त्यांना दुखणं नसतं, हे मी खात्रीने सांगतो. ही गोळी एकदम तोडायची नसते. डॉक्टर तिचा डोस पायरीपायरीने उतरवतात. अचानक थांबवली तर झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो, डोकं दुखतं. म्हणजे नेली तर कायद्याची भीती आणि ठेवली तर देहाची. नातवाला भेटायला निघालेल्या माणसापुढे एवढाच पर्याय ठेवायचा?

आपल्या सरकारने काहीच केलं नाही असंही नाही, आणि ते मी प्रामाणिकपणे नोंदवतो. ट्रामाडॉल ही जरा जोरकस गोळी घ्या. ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर, कंबर अगदी धरल्यावर देतात. पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत. १ मार्च २०१४ पासून ती एच-१ अनुसूचीत आली. म्हणजे मेडिकलवाल्याने विकताना रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिल्या हे स्वतंत्र वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. एप्रिल २०१८ मध्ये तर ती अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणली गेली. तेव्हापासून तिच्या पट्टीवर लाल अक्षरांत 'एनआरएक्स' असतं. एवढी काळजी घेतली. पण ही तीन-चार अक्षरं कुणी वाचायची? ज्याला आधीच चष्मा लावून मुदत शोधावी लागते त्याने? आणि वाचली तरी त्यावरून त्याला हे कसं कळावं, की हीच पट्टी घेऊन इजिप्तमध्ये उतरलात तर तुरुंगात जाल?

ही धमकी नव्हे, घडलेली गोष्ट आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये एक इंग्रज बाई इजिप्तच्या हुरघाडा विमानतळावर उतरली. बॅगेत ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या. तिथे राहणाऱ्या तिच्या जोडीदाराची पाठ दुखत होती, त्याच्यासाठी आणल्या होत्या. इंग्लंडात ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. इजिप्तमध्ये तिच्यावर कडक नियंत्रण, कारण तिथे तिची नशा करतात. डिसेंबरमध्ये बाईला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि २०१९ च्या जानेवारीत ती सुटली. दुसऱ्याच्या पाठीसाठी एका बाईची एक वर्षाहून जास्त मुदत गजाआड गेली.

तुम्ही म्हणाल, सामान्य बाई, तिला कोण सांगणार. मग जपानमधलं घ्या. ज्युली हॅम्प या टोयोटा कंपनीच्या जनसंपर्काच्या तेव्हाच्या प्रमुख अधिकारी, त्या कंपनीत एवढ्या वरच्या जागेवर पोचलेल्या पहिल्या महिला. जून २०१५ मध्ये त्यांना टोकियोत अटक झाली. अमेरिकेहून आलेल्या त्यांच्या पार्सलात ऑक्सिकोडोनच्या ५७ गोळ्या सापडल्या. गुडघेदुखीसाठी मागवल्या, असं त्यांनी पोलिसांना सांगितल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. गुडघेदुखी! कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना पत्रकारांपुढे येऊन माफी मागावी लागली. बाईंनी राजीनामा दिला. खटला न भरता जुलैमध्ये त्यांना सोडलं, पण तोवर नोकरी गेली होती. वकिलांची फौज पदरी असलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याला जे कळलं नाही, ते वडगाव मावळच्या निवृत्त मुख्याध्यापकाला कळावं अशी अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवतात?

मला आधी वाटायचं, जगभर एक नियम असेल, आपल्यालाच माहीत नाही. तसं असतं तर मी गप्प बसलो असतो. १९६१ चा अमली पदार्थांवरचा आंतरराष्ट्रीय करार आहे. मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन त्यात येतात. १९७१ चा दुसरा आहे, त्यात झोपेच्या आणि मनावर काम करणाऱ्या पुष्कळ गोळ्या येतात. त्यांवर देखरेख ठेवणारं मंडळ व्हिएन्नात बसतं आणि कोणत्या देशाने प्रवाशांसाठी कोणते नियम कळवलेत याची नोंद ठेवतं. पण ट्रामाडॉल या दोन्ही करारांच्या बाहेर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तिचा पुन्हा पुन्हा विचार केला आणि जागतिक नियंत्रण नको असंच सांगितलं. कारण गरीब देशांत कॅन्सरच्या आणि अपघाताच्या वेदनेवर मॉर्फिन सहज मिळत नाही, तिथे हीच एक गोळी उरते, तीही बंद झाली तर माणसं तळमळत मरतील. हे कारण मला मनापासून पटतं. परिणाम मात्र असा की प्रत्येक देशाने आपापला नियम केला, आणि त्या सगळ्यांचा मेळ घालायचं काम शेवटी ज्याची कंबर दुखते त्याच्याच गळ्यात आलं.

जरा साध्या गोळ्यांकडे वळू, कारण तिथेही शांतता नाही. पॅरासिटामॉल जगभर चालते. पण इंग्लंडमध्ये १९९८ पासून किराणा दुकानात तिचं पाकीट १६ गोळ्यांचं, औषधाच्या दुकानात ३२ चं. समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलात की तीच गोळी मोठ्या दुकानात शेकड्यांनी भरलेल्या बाटलीत उभी. निमेसुलाइड आपल्याकडे घराघरांत गेली, ती अमेरिकेत कधीच मंजूर झाली नाही, आणि आपल्याकडेही २०११ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदी आली. ॲनाल्जिन अमेरिकेने १९७७ मध्ये बाद केली. आपण २०१३ च्या जूनमध्ये बंद केली आणि २०१४ च्या फेब्रुवारीत अटी घालून परत आणली. जर्मनीत ती आजही डॉक्टर लिहून देतात. कोडीनच्या हलक्या गोळ्या ऑस्ट्रेलियात दुकानातून सरळ मिळायच्या, १ फेब्रुवारी २०१८ पासून चिठ्ठीशिवाय मिळेनाशा झाल्या. हे सगळं पाठ करून विमानात बसायचं आहे. सर्दीची गोळीही सुटलेली नाही. स्यूडोएफेड्रिन जास्त प्रमाणात असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेताच येत नाहीत. चिठ्ठीवरची साधी औषधं एक महिन्यापुरती चालतात, त्यापुढे आधी अर्ज करून दाखला घ्यायचा, आणि अमली वर्गातली असतील तर एका गोळीलाही आगाऊ परवानगी लागते.

अमिरातीतही परवानगी मिळते, हे सांगायला हवं, नाहीतर मी उगाच घाबरवतोय असं वाटेल. तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर प्रवासाआधी अर्ज करायचा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, वैद्यकीय अहवाल, पासपोर्टची प्रत. सिंगापूरलाही नियंत्रित औषधांना आधी मंजुरी. ऑस्ट्रेलियाला तीन महिन्यांपुरती औषधं आणि डॉक्टरांचं पत्र, आणि उतरल्यावर स्वतःहून सांगायचं. अमेरिकेत साधारण ९० दिवसांपुरती, मूळ वेष्टनात. वाचायला सोपं आहे. आता हे कागद आपल्या तालुक्यात तयार करून दाखवा.

मूळ वेष्टन हा शब्द ऐकला आणि मला आमच्या मेडिकलवाल्याची कात्री आठवली. आपल्याकडे गोळ्या सुट्या मिळतात. सहा हव्या असतील तर दहाच्या पट्टीतून सहा कापून मिळतात, आणि त्यात गरिबाची सोय आहे हे मला मान्य आहे. पण कात्री नेहमी कुठून चालते? नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेला कोपरा नेहमी दुकानात राहतो आणि सहा मुक्या गोळ्या गिऱ्हाइकाच्या हातात येतात. कोपरा मागितला तर दुकानदार म्हणतो, "काका, तो मला परत करायला लागतो कंपनीला." म्हणजे उरलेल्या गोळ्यांची ओळख पटणं महत्त्वाचं, माझ्या पोटात जाणाऱ्या गोळीची नाही. त्या दुबईच्या विमानतळावर काढून दाखवल्या तर अधिकाऱ्याने त्यांना काय समजायचं? गोळ्या पांढऱ्या, गोल, बिनानावाच्या, आणि त्या कागदाच्या पुडीत. पुडीवर पेनने 'स.-१, रा.-१'.

मग डॉक्टरांची चिठ्ठी. औषधाचं मूळ नाव स्पष्ट आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असं भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच नियमात घातलं. आमच्या डॉक्टरांचा हात चांगला आहे, तपासणीला आणि इंजेक्शनला. लिहायला नाही. त्यांची चिठ्ठी वाचू शकणारा माणूस जगात एकच, तो त्यांच्या दवाखान्याखाली दुकान चालवतो. ती चिठ्ठी अरबी अधिकाऱ्यापुढे ठेवणं म्हणजे आपल्या निर्दोषत्वाचा पुरावा आपणच गुप्त लिपीत सादर करणं. "इंग्रजीत टाईप करून, आजाराचं नाव, गोळीचं मूळ नाव, रोजचा डोस, किती दिवस, सही-शिक्का असं पत्र द्याल का?" असं विचारलं तर बाहेर ओपीडीची रांग दिसते आणि आपलीच जीभ अडखळते. तरी विचारा. मी विचारलं आणि पत्र मिळालं. पण ते मागावं लागतं हेच मुळात चूक आहे.

शेजारी हा विषय थोडक्यात आटोपणार नाही. तुम्ही परदेशी निघालात ही बातमी बाजारात तुमच्याआधी पोचते. संध्याकाळपर्यंत घरात चिक्कीचे बॉक्स आणि पिशव्या. "आमच्या संदीपला एवढं द्या, फार जड नाही." त्या पिशवीत हमखास गोळ्यांची पट्टी असते, कारण तिकडे डॉक्टर महाग. आणि गोडा मसाला असतो. दिवाळीच्या सुमारास अनारसे असतात. चिक्कीत शेंगदाणे आणि गूळ, तिला कुणी अडवत नाही. पण गोड्या मसाल्यात खसखस, अनारशावर खसखस, आणि खसखस अमिरातीत बंद, सौदीत बंद, सिंगापुरात बंद. कारण तिचं झाड अफूचं. मॉर्फिन आणि कोडीन ज्या बोंडाच्या चिकातून येतात, खसखस त्याच बोंडातलं बी. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि बी रीतसर किराणा दुकानात येतं. आपण ते दुधात घालून पितो, बाळंतिणीला देतो, आणि त्यात काही वाकडं आहे असं आपल्या सात पिढ्यांना वाटलेलं नाही. माझ्या पत्नीने निवडून, भाजून, कुटून केलेला मसाला मला लेकीच्या घरी नेता आला नाही. हे दुःख मी किरकोळ मानायला तयार नाही.

आणि संदीपच्या पिशवीबद्दल. २०१९ च्या जुलैत मुंबईचं एक जोडपं दोह्याला उतरलं. नात्यातल्या एका बाईंनीच त्यांना हा प्रवास भेट दिला होता आणि सोबत एक पाकीट दिलं होतं, जर्दा आहे म्हणून. निघाला चार किलोच्या वर चरस. दहा वर्षांची शिक्षा झाली. भारताच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास करून त्यांचं निरपराधित्व पुढे आणलं, तेव्हा २०२१ मध्ये ते सुटून घरी आले. त्यांचं मूल तुरुंगात जन्मलं. तेव्हा शेजारधर्म मला कुणी शिकवू नये. मी पिशवी उघडतो, एकेक वस्तू बाहेर काढतो आणि नाव वाचता येत नसेल ती परत देतो. त्यावरून आमच्या आळीत दोन घरांनी बोलणं टाकलंय. त्यांनी जरूर टाकावं.

आता यावर मला मिळालेले सल्ले. पहिला, "गोळ्या सोडा, योग करा." कैवल्यधाम आमच्याच गावात आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेलं. योगाचा परिणाम प्रयोगशाळेत तपासून पाहण्याची सुरुवात ज्यांनी केली त्यांत त्यांचं नाव अग्रभागी येतं. त्या संस्थेबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच तिचं नाव पुढच्या मंगळवारच्या विमानासाठी पुढे करणाऱ्यांचा मला राग येतो. नस दबलेली कंबर आठवड्यात सरळ होत नाही, आणि होईल असं तिथलेही कुणी सांगणार नाही.

दुसरा सल्ला, "बाम लावा." हा सल्ला तर आमच्या घाटालाच मिळालेला आहे. खंडाळ्याचा अमृतांजन पूल आठवतो ना? १८३० च्या सुमाराचा इंग्रजी दगडी पूल, त्याला कुणा गव्हर्नराचं नाव टिकलं नाही, डोकेदुखीच्या बामाच्या जाहिरातीचं टिकलं. तो बाम १८९३ मध्ये मुंबईतच निघाला, काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी काढला. पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, स्फोट लावून पाडला. नाव अजून तिथेच आहे. ड्रायव्हर आजही "अमृतांजनला ट्रॅफिक आहे" असंच म्हणतो. दोनशे वर्षं होत आली, या घाटातून जाणाऱ्या माणसाचं डोकं आणि कंबर दुखते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही घाटाखालच्या विमानतळावर त्याच्या हाती त्याबद्दलचा एक कागद द्यावा असं कुणाला सुचत नाही.

कारण बाकी सगळं सांगतात हो! तिकिटाबरोबर पानभर सूचना येतात. पॉवर बँक कुठल्या बॅगेत, लायटर चालतो की नाही, हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नको, नेलकटर, कात्री, नारळ. तिकीट काढताना साठीच्या पुढचं वय लिहून घेतात आणि चाकाची खुर्ची हवी का विचारतात. म्हणजे या माणसाला चालताना दुखतं हे त्यांना कळलेलं असतं. मग "तुम्ही कोणत्या गोळ्या घेता, त्या तिथे चालतात का पाहिलंत का?" एवढं एक वाक्य त्या पानावर घालायला कोणाच्या मंजुरीची वाट बघताहेत?

सबब मी अर्ज तयार केला आहे. त्यात मागण्या थोड्या आहेत. परदेशी निघालेल्या रुग्णाला डॉक्टरांनी न मागता टाईप केलेलं इंग्रजी पत्र द्यावं. मेडिकलवाल्याने त्याला पट्टी अखंड आणि बिलासह द्यावी. नियंत्रित औषधांच्या पट्टीवर, आणि त्यांत प्रेगाबालिनही धरावी, 'परदेशी नेण्यापूर्वी त्या देशाचा नियम पाहा' हे मराठीत आणि हिंदीत छापावं. तिकीट विकणाऱ्याने ते तोंडी सांगावं. ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत अर्ज वाचला तेव्हा एकाने विचारलं, हा विषय तालुक्याच्या पातळीवरचा आहे का? कंबर तालुक्यातच दुखते, तेव्हा आहे. सह्या चालू आहेत. प्रती तहसीलदार, अन्न व औषध प्रशासन आणि पासपोर्ट कार्यालय या तिन्हींकडे जातील आणि पोच घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलणार नाही.

तुमचा जावई कतारला असतो म्हणालात ना? मग सही नंतर करा. आधी घरी जाऊन तुमच्या कमरेच्या गोळीची पट्टी घेऊन या, नाव छापलेल्या कोपऱ्यासकट.